जिभेवरची सावली

जीभबाई हे नाव तिला आईबापांनी ठेवलं नव्हतं. तेवढे दुष्ट ते नव्हते. ते ठेवलं ऑफिसातल्या पोरापोरींनी. एकदा कुणीतरी चुकून तिच्या तोंडावरच म्हणून गेलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नाकबाई म्हणाला नाहीत, उपकार झाले." कारण नाक खरोखरच लांब होतं.

तिचं ऑफिस म्हणजे एक लांबट हॉल. खिडक्या होत्या, पण उघडायच्या नव्हत्या. ओळीनं टेबलं, दोन टेबलांमध्ये कापड लावलेली बुटकी भिंत, आणि प्रत्येक भिंतीआड कानाला हेडफोन लावून बसलेला एकेक जीव. जगाच्या पाठीवर कुठंही एखाद्याचं धुलाईचं मशीन गळायला लागलं, थरथरायला लागलं किंवा बाळाचा मोजा गिळून बसलं, की फोन या हॉलमध्ये वाजायचा. बोलणं इंग्रजीतच. पण कुठल्या इंग्रजीत? खरी गोम तिथं होती, आणि त्या गोमेवरच जीभबाईचं घर चालायचं. कुठल्या मुलखात कुठला शब्द काय रंग दाखवतो, हे नव्या पोरांना शिकवायचं तिचं काम.

आणि शिकवावं लागायचंच. एका नव्या मुलीनं इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या साहेबाला अगदी अदबीनं सांगितलं, "सर, आधी पँट काढा, मग झाकण लावा." तिच्या डोक्यात मशीनमधली विजार होती. तिकडे पँट म्हणजे आतली चड्डी. पलीकडून म्हणे नुसता खाकरल्याचा आवाज आला. दुसऱ्या एका लाजाळू पोराला ऑस्ट्रेलियातली बाई म्हणाली, "माझी थाँग मशीनमध्ये अडकलीय." त्याच्या माहितीतली थाँग म्हणजे बायकांची दोरीएवढी चड्डी; पोरगा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला आणि फोन शेजारच्या मुलीकडे द्यायला निघाला. जीभबाई मागं उभीच होती.

"अरे, रबरी चप्पल रे ती! डावी की उजवी विचार आणि पुढं चल."

दक्षिण आफ्रिकेतला माणूस 'जस्ट नाऊ सांगतो' म्हणाला तर फोन धरून ताटकळायचं नाही. तो चहा पिईल, डुलकी काढेल आणि मनात आलं तर सांगेल. तिथलाच कुणी 'रोबोटपाशी अडकलोय' म्हणाला तर घाबरायचं नाही. बिचारा सिग्नलला उभा आहे. असलं सगळं तिच्या जिभेच्या टोकावर. पोरं पोट धरून हसायची आणि शिकायची.

पण तिनं स्वतः हे कुठून आणलं? पुस्तकातून नाही. या हॉलमध्ये एक रीत होती, तिला म्हणायचे 'सावली धरणं'. वरचेवर फोन करणारं, भरपूर बोलणारं एखादं गिऱ्हाईक हेरायचं. त्याच्या फोनांची रेकॉर्डिंगं असायचीच. ती कानात लावायची आणि त्या माणसाच्या अर्धा श्वास मागं राहून, तो जे म्हणेल ते जसंच्या तसं म्हणत जायचं. अर्थ लावत बसायचं नाही. आधी शब्द येतात, मग चाल येते, मग कुठं थांबायचं आणि कुठं उसासा टाकायचा ते येतं. सगळ्यात शेवटी येतो श्वास. श्वास आला की सावली बसली.

आणि या रीतीचा एकच नियम होता. सावली धरायची ती चालत्याबोलत्या माणसाचीच. गिऱ्हाईक गेल्याचं कळलं, की त्याची रेकॉर्डिंगं पुसून टाकायची. वरचा साहेब म्हणायचा, "गेलेल्या माणसाची भाषा शिळी होते, उपयोग काय?" जुनी मंडळी मान डोलवायची आणि साहेब गेल्यावर एकमेकांत म्हणायची, "शिळी होते म्हणे. ह्याला काय माहीत, गेलेल्याची सावली सुटत नाही ते!"

पुसायचं काम कानसाहेबाकडे होतं. कानसाहेब म्हणजे काटकुळा, दोन्ही बाजूंना सुपासारखे कान असलेला माणूस. सगळ्यांचे फोन चोरून ऐकायचे आणि गुण द्यायचे, ही त्याची नोकरी. चोरून ऐकण्याचा पगार मिळणारा तो पृथ्वीवरचा एकमेव सुखी माणूस असावा.

आता जीभबाईची सावली कुणाची, ते सांगतो.

स्कॉटलंडमध्ये एक आजी होती. तिचं मशीन ठणठणीत होतं, तरी ती फोन करायची. "घरघरतंय गं जरासं," म्हणून सुरुवात व्हायची आणि मग तिकडचं ऊनपाऊस, गुडघे, जिन्यातली मांजर. समोरच्या पोरीला ती 'हेन' म्हणायची. म्हणजे कोंबडी नव्हे. आपण 'अगं बाई' म्हणतो ना, तसं मायेचं. 'मेसेजेस आणायला जाते' म्हणजे निरोप आणायला नव्हे, वाणसामान आणायला. कपबशा ठेवायचं कपाट म्हणजे 'प्रेस'. आणि 'ग्रीट' म्हणजे नमस्कार-चमत्कार नाही, रडणं. हॉलमधल्या एका मुलीला साहेबानं झापलं होतं, त्याच वेळी आजीचा फोन आला, आजीनं आवाजावरून ओळखलं आणि म्हणाली, "ग्रीट करू नकोस, हेन." जीभबाई ते रेकॉर्डिंग ऐकून स्वतःच मुसमुसली. त्या दिवसापासून तिनं या आजीची सावली धरली.

मग एके दिवशी आजीच्या शेजाऱ्याचा फोन आला. मशीन घेऊन जा, म्हणाला. घर रिकामं करायचंय.

कानसाहेब पुसायला बसला, तर जीभबाई त्याच्या खुर्चीला टेकून उभी.

"राहू दे ना थोडे दिवस."

"बाई, नियम आहे."

"नियम कुणी केला? तिची चाल आत्ता कुठं बसायला लागलीय. असं बोलणारी दुसरी मिळणार आहे का? पुसलंस तर तुझ्या गुणांच्या भानगडी साहेबाला सांगीन."

कानसाहेबाच्या गुणांच्या भानगडी होत्याच, कारण दुसऱ्या ओळीतल्या एका मुलीला तो उगाच चढे गुण द्यायचा. त्यानं रेकॉर्डिंगं ठेवली.

सावली अशी बसली की विचारू नका. तिकडची गिऱ्हाइकं जीभबाईला विचारायला लागली, तू कुठल्या गल्लीतली गं? एकानं तर शपथेवर सांगितलं की हा आवाज त्यानं लहानपणी जिन्यात ऐकलाय. ती हवेत तरंगत घरी जायची.

घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत ती, एकीत आई. आईची नजर गेलेली. पण बाई मोठी खमकी. भिंतीला हात न लावता घरभर फिरायची, आणि दिवसा दाराला आतून कडी. कडी निघायची ती आवाज ओळखल्यावरच. शेजारची शिंपीण दुपारी जेवण द्यायला यायची, तर तिलाही बाहेरून ओरडावं लागायचं, "मावशी, मी!" आणि आई आतून, "मी कोण? मी तर मी पण आहे." रोजचा खेळ.

लेकीला आई भुंगी म्हणायची. लहानपणी ती जिना चढताना सारखी काहीतरी गुणगुणायची, म्हणून. मोठी झाल्यावर गुणगुणणं गेलं, नाव राहिलं.

एका संध्याकाळी भुंगी जिना चढून आली आणि म्हणाली, "आई, दार उघड."

आतून काठीचा आवाज आला, पावलं दाराशी आली आणि थांबली.

"कोण पाहिजे?"

"आई, मी."

"माझी मुलगी ऑफिसात गेलीय. ती आल्यावर या हं."

भुंगी हसली. तिला वाटलं, नेहमीचा खेळ. "आई, पुरे. पाय दुखतायत."

"दुखत असतील," आई आतून सहानुभूतीनं म्हणाली. "खाली पायरीवर बसा ना जरा. येईलच ती."

*बसा ना.* आईनं लेकीला अहोजाहो केलं. भुंगीनं दारावर थाप मारली. शेवटी शिंपीण बाहेर आली, तोंडातल्या टाचण्या काढून ओरडली, "मावशी, ताईच आहेत!" तेव्हा कडी निघाली. शिंपीण मात्र भुंगीकडे डोळे बारीक करून बघत राहिली.

"ताई, घसा बसलाय का?"

"नाही. का गं?"

"नाही, शब्द तुमचेच आहेत. पण वाटतं की…" तिनं टाचण्या परत तोंडात धरल्या आणि बोलणं तिथंच टाकलं.

खरं होतं ते. भुंगी घरी आपल्याच भाषेत बोलायची, पण वाक्याचा शेवट वर जाऊन लोंबकळायचा. मध्येच एक उसासा, जो तिचा नव्हता. शब्द आपले, श्वास परका. तिला स्वतःला ते कळत नव्हतं. ज्याचं त्याला कळतंय कधी?

मग ते रोजचंच झालं. आई दार उघडायची, पण पाहुणीला उघडावं तसं. "या, बसा. चहा घेणार? मुलगी आली की करेल." भुंगीनं आईचा हात धरून आपल्या तोंडावरून फिरवला, तर आईनं तो हळूच काढून घेतला. "नाक अगदी आमच्या भुंगीसारखं आहे हो तुमचं," ती म्हणाली. "पण आवाजाला डोळे असतात, बाई. माझे आता तिथंच आहेत."

डॉक्टर आला, वय झालंय म्हणाला, गोळ्या लिहून गेला. गोळ्या घेणार कोण? आई तर ताटच बाजूला सारायला लागली. "भुंगी आल्याशिवाय घास उतरत नाही." समोर भुंगी घास हातात धरून बसलेली. आईच्या मनगटाची हाडं वर आली. शिंपीण तिच्या झंपरांची शिवण आत घेत गेली, आणि दर वेळी आत घेताना भुंगीकडे बघेना.

पाहुणीशी मात्र आईच्या गप्पा रंगायच्या. एकदा तिनं विचारलं, "हेन म्हणजे काय हो? सारखं म्हणता मला." भुंगी चपापली. आपण म्हणतो? म्हणत असू. तोंडून निघत असेल.

पण पुढच्या संध्याकाळी आई अशीच उशीला टेकून बसली होती, आणि सहज बोलावं तसं म्हणाली, "काल तुम्ही मुलाचं सांगितलंत ना, त्यावर मी दिवसभर विचार करत होते."

"कुठल्या मुलाचं?"

"अहो, तुमच्या. परदेशी गेलेला. किती वर्षांनी फोन केला त्यानं, आणि तुम्ही ओळखलंच नाही. बोलणं सगळं तिकडचं झालेलं. मॅमी म्हणायचा, तो मॉम म्हणाला. तुम्हाला वाटलं कुणी टवाळ आहे, म्हणून फोन ठेवून दिलात." आईनं चुकचुकून मान हलवली. "परत नाहीच आला ना फोन? नका रडू. होतं असं."

आजीला मुलगा होता हे भुंगीला ठाऊकच नव्हतं. रेकॉर्डिंगांत गुडघे होते, मांजर होती. मुलगा नव्हता.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये शिरल्याशिरल्या तिनं कानसाहेबाला गाठलं.

"आजीचं एखादं रेकॉर्डिंग तू मला दिलं नाहीस का?"

कानसाहेबाचे कान मागं गेले, खरंच गेले. "कुणी सांगितलं?"

"आहे का?"

"शेवटचा फोन. दुसऱ्या मुलीनं घेतला होता. आजी इतकी रडली की ती मुलगी घरीच निघून गेली. म्हटलं, हे कुणाच्या सावलीला द्यायचं नाही. मी सोडून कुणी ऐकलेलं नाही ते."

"लाव."

त्यानं लावलं. तोच घोगरा आवाज. मशीनचं नाव काढलंच नाही तिनं. मुलाचा फोन आला होता म्हणाली, आणि मी ठेवून दिला. मॉम म्हणाला गं तो, मला कळलंच नाही. आता रोज फोन लावते, हेन, कुठंही लावते. म्हटलं, कुणाच्यातरी आवाजात सापडेल. शेवटी नुसता श्वास. आणि भुंगीच्या लक्षात आलं की आपणही श्वास घेतोय, अगदी तसाच, अर्धा मागं राहून. फक्त या वेळी मागं कोण आहे आणि पुढं कोण, ते सांगता येईना.

"पूस," ती म्हणाली. "सगळं पूस."

कानसाहेबानं पुसलं. रेकॉर्डिंग पुसता येतं. जीभ कशी पुसणार? ती त्याला "पुसलंस का?" म्हणाली, तर वाक्याचा शेवट वरच लोंबकळला. कानसाहेब खुर्चीसकट मागं सरकला.

ती दुपारीच घरी निघाली. वाटेत स्वतःशी मोठ्यानं बोलून बघितलं, दुकानांच्या पाट्या वाचून बघितल्या. प्रत्येक शब्द परका होऊन बाहेर पडायचा. आपला जुना आवाज कसा होता ते तिला आठवेना. हॉलमध्ये तिच्या आवाजाची रेकॉर्डिंगं ढीगभर होती, पण त्यातली एकही तिच्या आवाजात नव्हती. या आजीआधी कुणी दुसरी, तिच्याआधी तिसरी. आपला आवाज आला तरी कुठून होता मुळात?

जिन्याच्या मध्यावर ती थांबली. कुठून म्हणजे काय! वर कडी लावून बसलीय की ती.

शिंपिणीनं कडी काढायला लावली. भुंगी काही न बोलता आत गेली आणि आईच्या पलंगापाशी जमिनीवर बसली. डोळे मिटले. आपल्याला येतं ते एकच काम, तेच करायचं ठरवलं.

"आलात?" आई म्हणाली.

"आलात?" भुंगी म्हणाली, अर्धा श्वास मागून.

"आज लवकर?"

"आज लवकर?"

आईच्या कपाळाला आठी पडली. "अहो, हे काय?"

"अहो, हे काय?"

"माकडचेष्टा कसल्या करताय म्हाताऱ्या माणसाशी?"

"माकडचेष्टा कसल्या करताय म्हाताऱ्या माणसाशी?"

शिंपीण दारात तोंडावर हात घेऊन उभी. आई चिडली. काठी आपटली. मग जे काही तोंडाला येईल ते बोलायला लागली: आचरट आहात, बाई, घरी कुणी शिकवलं नाही, माझी मुलगी येऊ दे, तिच्याकडून झिंज्या उपटवते तुमच्या. भुंगी सगळं मागून म्हणत गेली, स्वतःच्या झिंज्यांसकट. आधी शब्द आले, मग आईची ती ठसक्याची चाल आली, 'बाई'वर दिलेला जोर आला. आई दमून थांबली, तशी तीही थांबली. आईनं धाप टाकली. तिनंही टाकली. आणि ती धाप तिच्या स्वतःच्या छातीतून आली.

आईची मान एका बाजूला कलली.

"अशी एकच कार्टी मला वेडावून दाखवायची," आई सावकाश म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून. सगळं, अगदी शिव्यांसकट."

"सगळं, अगदी शि…" भुंगी अडखळली. पुढचं म्हणता येईना. ती नुसती म्हणाली, "आई."

वाक्य खाली उतरलं. सरळ, जमिनीवर.

"अगं," आई म्हणाली. *अगं.* "अगं भुंगे, होतीस कुठं? जीव गेला असता ना माझा. केवढा उशीर!"

मग काय, रडारड झाली. शिंपिणीनं नाक पुसायला कुणाच्यातरी ब्लाउजचं कापड घेतलं, ते पुढं कुणाला गेलं देव जाणे. भात झाला. आई ताटाला हात लावून बसली आणि खाल्लंन, आणखी मागून खाल्लंन. शिंपीण आपल्या घरी गेली. संध्याकाळचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. भुंगी उठून दार लावायला गेली.

"लावू नकोस," आई म्हणाली.

"का गं?"

"ती बाहेर राहिलीय."

भुंगीचा हात कडीवर तसाच राहिला. "कोण, आई?"

"कोण काय? त्या बाई. तू आत आलीस, आणि त्या राहिल्या उंबऱ्याबाहेर. मघापासून श्वास ऐकतेय मी."

फटीतून जिना दिसत होता. जिन्यात कुणी नव्हतं. पायऱ्या, कठडा, कुणाचातरी पायपुसण्याचा तुकडा. पण भुंगीचे कान सावली धरणाऱ्या बाईचे होते. कानसाहेबाला जे ऐकू येणार नाही, तेही त्यांना यायचं. तिनं स्वतःचा श्वास रोखून धरला. तरी श्वास ऐकू आला.

कडी सरकवली असती तर विषय संपला असता. तिच्या हाताला ते कळत होतं, आणि हात तयारही होता. पण तिला त्या फोनमधली आजी आठवली, ओळखलं नाही म्हणून ठेवून दिलेला फोन हातात धरून बसलेली. आणि त्यानंतर दारोदार, आवाजोआवाज. आत्ता घटकेपूर्वी आपणही अशाच दाराबाहेर उभ्या होतो.

तिनं कडीवरचा हात काढला आणि दार पुरतं उघडलं.

"या," ती म्हणाली. आपल्या आवाजात, आपल्या भाषेत. 'हेन' म्हणावंसं वाटलं. जीभ वळली नाही. पुढं हॉलमध्येही ती कधी वळली नाही. पोरांना ती अर्थ सांगायची सगळे, चपलेचे आणि चड्डीचे, आणि पोरं हसायचीही. पण तोंडून निघायचं ते इकडचंच, आणि साहेबानं तिला फोनवरून काढून कपाटांच्या किल्ल्या सांभाळायला बसवलं. कपाट म्हटलं की ती क्षणभर थांबायची म्हणे. आणि शिंपीण सांगते की दुपारी ताई ऑफिसात असताना आपलं शिवणाचं मशीन थांबलं, की भिंतीपलीकडे मावशी कुणाशीतरी बोलत असते, आणि मध्ये मध्ये गप्प बसते, समोरच्याला बोलू द्यावं तशी. आता शिंपिणीची एक गोष्ट खरी धरली तर तीन सोडून द्याव्या लागतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती हल्ली बायकांची मापं घेताना त्यांना 'हेन' म्हणते, आणि कुठं ऐकलंस विचारलं तर तिला सांगता येत नाही.

त्या संध्याकाळचं मात्र एवढंच. भुंगी दार उघडं ठेवून मागं वळली. आईनं पांघरूण सारखं केलं, उशी पाठीशी घेतली, आणि तिच्या त्या मिटल्यासारख्या चेहऱ्यावर पाहुणे आल्यावर यायची तशी लगबग आली.

"तू इथं बस गं," तिनं उजवीकडं हात थापटला. मग दाराच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "आणि तुम्ही इकडं."

आणि तिनं पाय आखडून घेतले. आधी उजवा, भुंगीसाठी. मग डावाही.